वरचा रुपया

बेलवलीत अंजनीशी भांडण न झालेलं माणूस शोधायचं असेल, तर ते परवाच राहायला आलेलं असलं पाहिजे. दूधवाल्याशी तिचं भांडण आहे. गल्लीत गाडी आडवी लावणाऱ्या टॉवरवाल्यांशी आहे. शेजारच्या पोरांशी आहे, त्यांच्या आयांशी आहे आणि सख्ख्या नवऱ्याशी तर वरातीपासून आहे. कोणी ‘कशी आहेस’ विचारलं तर ‘तुला काय करायचंय’ असं उत्तर मिळतं. तरीही लगीनसराई आली की हीच माणसं तोंड गोड करून तिच्या दारात उभी राहतात. कारण एकच. हळदीच्या जेवणाला तांदळाची भाकरी लागते, ढिगांनी लागते, आणि अंबरनाथपासून वांगणीपर्यंत अंजनीसारखी भाकरी कोणी थापत नाही.

अंगाने ती बुटकी, मनगटं मात्र पुरुषासारखी रुंद. बोटांच्या टोकांना चटके बसून बसून आता काही कळेनासं झालंय. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिच्या भट्ट्या आहेत. हाताखाली चार-सहा बायका असतात आणि त्या सगळ्या तिला घाबरून असतात. उकड कच्ची राहिली तर अख्खी परात उलटी करून देते. वर ‘तुझ्या सासूला घाल’ हेही ऐकवते. ऑर्डर कुणाचीही घेते, अर्धे पैसे आधी आणि अर्धे भाकरीची टोपली उचलायच्या आत. उधार नाही. ओळखीत नाही. घरच्यात तर मुळीच नाही.

सोनिवलीच्या ऑर्डरी गेल्या वर्षापासून बंद आहेत. तिथल्या भावकीतली कुठलीही हळद असली तरी अंजनीला बोलवायचं नाही, असं तिच्या चुलत दिराने, हरिचंद्रने, घरोघरी सांगून ठेवलंय. त्या हळदींना आता भाकऱ्या कल्याणहून येतात, आणि जेवून आलेले लोक अंजनीला मुद्दाम थांबवून सांगतात की चामड्यासारख्या होत्या. तेवढं ऐकताना मात्र ती भांडत नाही.

हे वैर कसं झालं ते सांगायचं तर जितेशच्या हळदीपासून सांगावं लागेल. जितेश हा अंजनीचा एकुलता एक मुलगा. करोनाच्या आधी दोनेक वर्षं त्याचं लग्न ठरलं. आता, आमच्याकडे लग्न एक वेळ देवळात उरकलं तरी कोणी नाव ठेवत नाही. हळद मात्र वाजलीच पाहिजे. बेंजो हवा, डीजे हवा, रस्ताभर बॅनर हवा आणि त्यावर गॉगल लावलेल्या अख्ख्या भावकीचे फोटो हवेत. बोकड किती पडले यावर घराची किंमत ठरते. हळद साधी केली तर पुढची दहा वर्षं लोक त्या घराचं नाव घेताना ओठ वाकडे करतात.

अंजनीच्या नवऱ्याकडे, हिरामणकडे, यातलं काहीच करायला पैसा नव्हता. तो अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत होता. कंपनी बंद पडली, हातात थोडे पैसे आले, ते घराच्या स्लॅबमध्ये गेले. जमीन म्हणाल तर त्याच्या बापाने ती कधीच मातीच्या भावाने विकून टाकली होती. हरिचंद्रच्या बापाने मात्र विकली नाही. टॉवर सोनिवलीपर्यंत येईस्तोवर तो थांबला, आणि मग विकली. एकाच आजोबांचे दोन नातू. एकाच्या दारात डंपर उभे, दुसऱ्याच्या दारात सायकल. हरिचंद्रच्या गळ्यात चेन, हातात कडं, पांढऱ्या गाडीच्या काचेवर ‘दादा’. हिरामण त्याच्यापुढे उभा राहिला की आपोआप हात मागे बांधायचा, शाळेत बांधतात तसे.

तर हिरामण सोनिवलीला गेला आणि दादाकडे दोन लाख उसने मागून आला. बायकोला मात्र एवढंच म्हणाला की दादा बघतो म्हणालाय. काय बघतो, कसं बघतो, हे तिने विचारलं नाही. तिला वाटलं, आचारी बघतील, मांडवाचं बघतील. हिरामणने सांगितलं नाही. न सांगण्यात तो पहिल्यापासून हुशार.

हळदीच्या संध्याकाळी माइकवर आहेर पुकारले जात होते. आमच्याकडे आहेर गुपचूप देत नाहीत. पाकीट माइकवाल्याच्या हातात द्यायचं, नाव सांगायचं, मग तो ते अख्ख्या मांडवाला ऐकवतो. अंबरनाथचा राजरत्न माइकवर होता. त्याचा साउंड, आवाजही त्याचाच, आणि तो आवाज असा की पाचशे रुपये पुकारले तरी पाच हजार वाटावेत. त्याच्यापुढे हरिचंद्र आला. हातात जाडजूड पाकीट, पाकिटावर दुकानातूनच चिकटवून येतो तसला रुपया. राजरत्न गरजला, “सोनिवलीचे हरिचंद्रशेठ यांच्याकडून चिरंजीव जितेशला आहेर, दोन लाख एक रुपये!” बेंजोवाल्यांनी वेगळी चाल उचलली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. हरिचंद्रने दोन्ही हात वर करून सगळ्यांना नमस्कार केला.

हा वरचा रुपया नीट समजून घ्या, सगळं त्याच्यावर आहे. आहेर कधी गोल आकड्यात देत नाहीत. एकशे एक, पाचशे एक. वरचा रुपया म्हणजे व्यवहार इथे संपला नाही, नातं पुढे चालू आहे. उसन्या पैशांवर रुपया ठेवायची बुद्धी कोणाला होत नाही, ते गोलच दिले जातात आणि गोलच परत येतात. दोन लाखांवर रुपया ठेवला, माइकवर आहेर म्हणून पुकारला, म्हणजे तो आहेर. यात अंजनीला शंका येण्यासारखं काही नव्हतं. तुम्हाला-मला पण आली नसती.

तिचा ऊर भरून आला. जन्मात कुणापुढे न वाकलेली ही बाई मांडव ओलांडून गेली आणि भर लोकांत तिने हरिचंद्रच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यानेही ठेवू दिलं. तेवढ्यावर थांबली असती तरी बरं. दीर एवढा पाठीशी उभा आहे म्हटल्यावर तिने आणखी दोन बोकड सांगितले, सुनेला हातातलं सोनं वाढवलं आणि विहिणींना साड्या भारीतल्या दिल्या.

लग्नानंतर महिना उलटला असेल. हरिचंद्र सकाळी चहाला आला. चहा झाला, पाणी झालं, पानाचा डबा झाला. मग तो हिरामणला म्हणाला की पैशांचं कसं, कधीपासून सुरू करतोस. अंजनीला वाटलं दुसऱ्याच कुणाच्या पैशांचं चाललंय. तिने विचारलं, तेव्हा हरिचंद्र हसला. त्याचं हसणं मोठं छान आहे, बॅनरवर तेच असतं. अगं, उसने दिले होते ना हळदीला, तो म्हणाला. ती म्हणाली की माइकवर तर आहेर म्हणाले, वर रुपया होता. तेव्हा तो जे बोलला ते पुढे सात वर्षं तिच्या कानात वाजत राहिलं.

“वरचा रुपया तेवढा आहेर, अंजने. तो पोराला आशीर्वाद. तो नको देऊस परत.”

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो लादीकडे बघत होता. सगळं माहीत असलेलं माणूस लादीकडे कसं बघतं ते तिने त्या दिवशी पाहिलं आणि ते ती त्याला अजून ऐकवते. पुढचे कितीतरी महिने ती त्याच्याशी फक्त ताटाने बोलली. ताट हळू सरकलं तर दिवस बरा, दाणकन आपटलं तर वाईट.

लोकांत मिरवायला आहेर आणि घरात वसुलीला कर्ज. दोन लाखांत हरिचंद्रने दोन्ही विकत घेतलं होतं. गावभर त्याचं नाव झालं की चुलत भावाच्या पोराचं लग्न त्याने उभं केलं. आता अंजनी कुणाला सांगायला गेली असती की ते उसने होते, तर तीच खोटी ठरली असती. अख्ख्या मांडवाने कानांनी ऐकलेलं होतं.

त्या पाकिटावरचा रुपया तिने नखाने उचकटून काढला आणि तांदळाच्या डब्यात टाकला. डब्यात हात घातला की तो बोटाला लागायचा. लागावा म्हणूनच टाकला होता.

तेव्हा ती उल्हासनगरला एका जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जात होती. त्या मजुरीत दोन लाख फिटायला तिला दुसरा जन्म लागला असता. भाकरी मात्र तिला येत होती, आईकडून आलेली. तिने धागे सोडले आणि भाकऱ्या धरल्या. उल्हासनगरच्या बाजारातून एका सिंधी शेठकडून मोठी भट्टी आणि लोखंडी तवे हप्त्यावर उचलले. शेठ कडक, एक दिवस हप्ता चुकला तर दुकानात गिऱ्हाइकांसमोर बोलायचा. अंजनीही त्याला गिऱ्हाइकांसमोर बोलून यायची. पण ज्या दिवशी तिने शेवटचा हप्ता टेकवला, त्या दिवशी तो उठून उभा राहिला, गल्ल्यावर हात आपटला आणि म्हणाला, “खाता खलास, दीदी.” मग दोन चहा मागवले. ती चहा पिऊन बाहेर आली आणि रस्त्यातच थांबली, कारण तिला रडू येत होतं आणि रस्त्यात रडायची तिला लाज वाटत होती. ज्याच्याशी ना नातं ना गोतं त्याने एका शब्दात मोकळं केलं. खलास. हाच एक शब्द तिला सोनिवलीकडून हवा होता, आणि तो त्याच तोंडून हवा होता.

हरिचंद्रने कधी व्याज मागितलं नाही. ‘थोडंफार समजून घे’ एवढंच म्हणायचा. समजून घ्यायचं म्हणजे त्याच्या घरी काहीही असलं की भाकऱ्या अंजनीच्या, फुकट. त्याच्या पुतण्याचा साखरपुडा झाला, भाकऱ्या. त्याच्या डंपरची पूजा झाली, भाकऱ्या. एकदा तर त्याच्या मित्रांची पार्टी होती चिखलोलीच्या बाजूला, तिथेही भाकऱ्या. तिने तोंड उघडलं की तो म्हणायचा, राहू दे गं, घरचीच हायेस. करोनात हळदी थांबल्या, भट्ट्या थंड पडल्या, तेव्हा त्याचा फोनवर आवाज यायचा की ठीक हायेस ना, पैशांची घाई नाय. त्या ‘घाई नाय’ची तिला जेवढी चीड होती तेवढी शेठच्या शिव्यांची कधी नव्हती. घाई नसलेला सावकार फार वाईट. त्याला पैसे नको असतात, माणूस हवा असतो.

घरातही सगळं नासलं. कशावरूनही वाजलं की अंजनी सुनेला ऐकवायची, तुझ्या लग्नाचं फेडतेय. सून किर्ती बदलापूरला एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते, जिभेने सासूच्या तोडीस तोड. एकदा ती म्हणाली की मी मागितले होते का बोकड, मला तर कोर्टात चाललं असतं. खरं बोलली होती, म्हणून अंजनीला जास्तच झोंबलं. जितेश दोघींच्या मधून हेडफोन लावून जायचा यायचा. एवढ्या वर्षांत तो आईला एवढंच म्हणाला होता की टेन्शन नको घेऊ, लाइट घे ना.

आणि तरी फेडलं. कसं फेडलं ते ती सांगत नाही, विचारलं तर ‘तुला काय करायचंय’ म्हणते. हाताची कातडी गेली एवढं दिसतं. दर वेळी पैसे हिरामण नेऊन द्यायचा. शेवटचे मात्र ती स्वतः घेऊन गेली. हिरामणलाही बरोबर नेलं, साक्षीला.

हरिचंद्र ओट्यावर झोपाळ्यावर बसला होता. त्याने पैसे घेतले, मोजले नाहीत, शर्टाच्या खिशात घातले आणि झोपाळा चालू ठेवला. अंजनी उभीच राहिली. त्याने विचारलं की आता काय.

“फिटलं म्हना,” ती म्हणाली.

“काय?”

“दोन लाख आले. वरचं समजून घेतलेलं पन आलं. फिटलं म्हना एकदा.”

हरिचंद्रने हिरामणकडे बघून डोळा मारला. मग तेच बॅनरवालं हसू हसला. “अगं, घरच्या मानसात काय फिटतंय? आता आमच्या मनालीची हलद हाय पुढल्या महिन्यात. सगल्या भाकऱ्या तुझ्या. ती एकदा पार परू दे, मंग बसू, हिशोब बघू.”

अंजनीने भाकरीचा भाव सांगितला. झोपाळा थांबला. हरिचंद्र म्हणाला की पुतणीच्या हळदीला भाव लावतेस, ज्या माणसाने तुझ्या पोराचं लग्न उभं केलं त्याच्याच दारात. हे तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला, कारण अंगणात दोन ड्रायव्हर उभे होते. आणि हिरामणने, साक्षीला आणलेल्या हिरामणने, हात मागे बांधून मान डोलावली. दादा, करील ती, म्हणाला.

परतताना रिक्षात तिने नवऱ्याला एक शब्द ऐकवला नाही. घरी आल्यावर मात्र जे सुरू झालं ते शेजाऱ्यांनी टीव्ही बंद करून ऐकलं. नाय करनार, ती म्हणाली, तुझ्या दादाच्या हळदीला लोकांना दगड खाऊ दे. मग एक नवल घडलं. हिरामण पहिल्यांदा ओरडला. दादाच्या घरची हळद आहे, भावकीत तोंड दाखवायचंय मला, असं म्हणताना त्याचा आवाज फाटला. नवऱ्याला आवाज आहे हे तिला कळलं, आणि तो कुणासाठी आहे हेही कळलं. जितेशने एक कान मोकळा करून सल्ला दिला की एक दिवसाचं काम आहे, करून टाक, मॅटर क्लोज.

किर्ती चपला घालत होती, ड्युटीला निघालेली. तिने वळूनही न बघता टोमणा हाणला. “इतकी वर्षं फुकटच घालताय ना? मग निदान आहेर तरी म्हणा त्याला. माइकवर नाव तरी येईल.”

दार आपटून ती गेली. अंजनी तिला मागून काहीतरी जळजळीत म्हणणार होती, तोंडही उघडलं होतं. ते तिने मिटलं. मग डब्यापाशी गेली आणि तांदळात हात घालून तिने तो रुपया चाचपून वर काढला. दुसऱ्या दिवशी तिने सोनिवलीला निरोप धाडला की भाकऱ्या करते. हिरामण खूश झाला. मूर्खाने पेढे आणले.

मनालीच्या हळदीला सोनिवलीचं मैदान घेतलं होतं. एवढा मोठा बॅनर की त्याच्या सावलीत आचाऱ्यांनी सामान मांडलं. मनाली हरिचंद्रची एकुलती मुलगी, तेव्हा हौसेला मोल नाही. दुपारपासून मांडवामागे अंजनीच्या भट्ट्या पेटल्या. त्या दिवशी बायकांना वाटलं होतं, ही जळके तुकडे घालेल, मुद्दाम मीठ विसरेल. तिने उलट केलं. पीठ दोनदा चाळलं, प्रत्येक उकड स्वतः मळली. भाकऱ्या अशा उतरल्या की पांढऱ्या, मऊ, हातात धरल्या तर खाली लोंबाव्यात. एका बाईने विचारलं की फुकटात एवढं कशाला. अंजनी म्हणाली, खराब वस्तू देऊ नये, नाव आपलं लागतं.

पंगती बसल्या तशी ती उठली. हात धुतले, पिठाची साडी बदलून हिरवी नेसली आणि मांडवात शिरून माइकपाशी आहेराच्या रांगेत उभी राहिली. माइकवर राजरत्नच होता. केस जरा विरळ झाले होते, आवाज तोच. तिची पाळी आली तेव्हा त्याने पाकिटासाठी हात पुढे केला. पाकीट नव्हतं. तिने त्याच्या हातावर एक रुपया ठेवला आणि काय पुकारायचं ते सांगितलं. राजरत्न बिचकला. मावशी, असं कसं बोलू, म्हणाला.

“आमच्या हलदीला तुला सांगतील तसं बोललास ना?” अंजनी म्हणाली. “मंग आता मी सांगते तसं बोल.”

राजरत्नला सात वर्षांपूर्वीचं काही ठाऊक नव्हतं. पण माइकवाल्याचा धर्म एकच, आहेर सांगितला तसा पुकारायचा. त्याने घसा साफ केला. “बेलवलीच्या अंजनीबाई हिरामण यांच्याकडून मनालीताईला आहेर. आज आपण जेवताय त्या सगळ्याच्या सगळ्या भाकऱ्या, आणि वर एक रुपया!”

आधी टाळ्या पडल्या. भाकऱ्या चांगल्या होत्याच, लोकांनी मनापासून वाजवल्या. मग टाळ्या हळूहळू चाचरल्या. पहिल्या पंगतीत गोदूबाई बसली होती, भावकीतली सगळ्यात म्हातारी, कानाने अर्धी गेलेली. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून ती जगाशी ओरडून बोलते. तिने शेजारणीला विचारलं, “म्हंजे? पोरीच्या हलदीच्या भाकऱ्या हरिचंदरानं हिच्याकरून फुकट घेतल्या? डंपर असून?”

शेजारणीने तिला गप्प करायला दंड धरला, त्याने ती आणखी मोठ्याने विचारू लागली. बायका भाकरीचा तुकडा हातात धरून एकमेकींकडे बघत होत्या. आहेर घेतला तर तो फेडावा लागतो, आणि घेतला त्याहून थोडा जास्त फेडावा लागतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सोनिवलीच्या हरिचंद्रशेठच्या डोक्यावर आता बेलवलीच्या भाकरीवालीचा आहेर होता, माइकवर पुकारलेला, अख्ख्या मांडवाने ऐकलेला. आणि तो नाकारायलाही जागा नव्हती, कारण अर्धा मांडव तो खाऊन बसला होता.

अंजनी मागे भट्टीपाशी आली आणि दुसऱ्या पंगतीच्या भाकऱ्यांना लागली, हिरव्या साडीतच. हरिचंद्र पाठोपाठ आलाच. त्याच्या मागे हिरामण, हात मागे बांधलेला. हरिचंद्रचं ते छान हसणं आज सोबत नव्हतं.

“काय तमाशा लावलास?”

“आहेर केला.”

त्याने खिशातून नोटांची गड्डी काढली. भाव काय तुझा, तो म्हणाला, दुप्पट घे, आणि आत्ता जाऊन राजरत्नला सांग, भाकऱ्यांचे पैसे पोचले म्हणून माइकवर बोलायला. गड्डी त्याने तिच्या नाकासमोर धरली. थापणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. हिरामण म्हणाला, घे गं, दादा देतोय. अंजनीने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“आधी माझं सांगा,” ती म्हणाली. “फिटलं का?”

“कसलं?”

“दोन लाख. हलदीत आहेर म्हनून पुकारलेले आन नंतर व्याजासकट घेतलेले.”

हरिचंद्रने बायकांकडे बघितलं, मांडवाकडे बघितलं. आतून गोदूबाईचा आवाज येतच होता. कोणीतरी तिला दुसरी भाकरी वाढली होती आणि ती भाकरी कुणाची आहे हे विचारत होती.

“फिटलं,” तो दातांतून म्हणाला.

“या बायकांना ऐकू नाय आलं.”

“फिटलं! खलास! संपलं तुझं, एक पैसा नाय राह्यला.” त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. “आता घे हे.”

सात वर्षं जो शब्द हवा होता तो आला होता. अंजनीला वाटलं होतं की तो ऐकल्यावर उल्हासनगरच्या रस्त्यात आलं तसं रडू येईल. आलं नाही. तिला भूक लागली होती एवढंच जाणवलं, दुपारपासून पोटात काही नव्हतं. तिने पिठाचे हात हिरव्या पदराला पुसले. गड्डी अजून तशीच समोर धरलेली होती, आणि ती धरणाऱ्या हाताला घाई होती.

“माझं फिटलं, भाऊजी,” ती म्हणाली. “तुमचं राहू द्या. घाई नाय. तुमी घरचेच हाव.”